निवडून आले तरी ‘नियुक्त’: वऱ्हाडच्या मताची गोष्ट

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी बडनेरा आणि चांदूर मागे टाकून धामणगाव रेल्वेच्या स्थानकात येते. पुढे थोड्याच वेळात ती वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि पलीकडच्या काठावर पुलगाव लागते. आज हा प्रवास एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यापुरता आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र या पुलावर एक विलक्षण घटना घडत असे. पुलगावच्या बाजूचा मतदार प्रांतिक कौन्सिलसाठी आपला प्रतिनिधी निवडून देई आणि तो ‘निर्वाचित सदस्य’ म्हणून नागपूरच्या सभागृहात बसे. धामणगावच्या बाजूचा मतदारही तसेच मत देई, मतमोजणीही तशीच होई. परंतु त्याने निवडलेला माणूस सभागृहात पोहोचेपर्यंत कागदोपत्री ‘सरकारनियुक्त’ झालेला असे.

प्रांत एकच, कौन्सिलही एकच. मग नदीच्या दोन काठांवरच्या मतांना दोन नावे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम युरोपात डोकवावे लागते, कारण ‘मत कोणाला द्यावे’ यापूर्वी ‘मत कोणाला असावे’ हा वाद तिथे शतकभर चालला होता, आणि त्या वादातून निघालेली मोजपट्टीच पुढे वऱ्हाडच्या काळ्या मातीवर ठेवली गेली.

१८३२ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये ओल्ड सॅरम नावाची एक जवळजवळ ओसाड टेकडी होती. तिथे वस्ती उरली नव्हती, तरी ती टेकडी पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवीत असे. त्याच वेळी कापडाच्या गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सभासद नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने अशा ओसाड मतदारसंघांपैकी बरेच रद्द केले आणि शहरांत वार्षिक दहा पौंड मूल्याचे घर ज्याच्याकडे असेल त्याला मत दिले. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच प्रौढ पुरुषांपैकी जेमतेम एकाला मत मिळाले. शिवाय या कायद्याने ‘पुरुष’ हा शब्द स्पष्ट लिहून स्त्रियांसाठी दार अधिकृतपणे बंद केले. पूर्वी रूढीने जे होत असे, ते आता कायद्याने होऊ लागले.

गिरणीकामगारांनी १८३८ मध्ये आपली सहा कलमी सनद मांडली: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, सभासदांना वेतन, सभासदत्वासाठी मालमत्तेची अट नको, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. लाखो सह्यांचे अर्ज पार्लमेंटने फेटाळले. तथापि यांतील पाच मागण्या पुढे एकेक करून मान्य झाल्या. दरवर्षीच्या निवडणुकीची तेवढी राहून गेली. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये आला. तोवर इंग्लंडमधील कुळाला मालकाच्या देखत, मोठ्याने नाव घेऊन मत द्यावे लागे. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी आधी शहरी कामगाराला आणि नंतर शेतमजुराला कक्षेत आणले. इंग्लंडमधील स्त्रियांना मात्र पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास १९२८ उजाडावे लागले.

फ्रान्सने एवढी वाट पाहिली नाही. १८४८ च्या क्रांतीने एका फटक्यात सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले आणि अडीच लाखांच्या आसपास असलेली मतदारसंख्या नव्वद लाखांवर गेली. प्रशियाने याच्या नेमकी उलट युक्ती केली. १८४९ पासून तिथे मत बहुतेक पुरुषांना होते, पण भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग पाडले होते आणि तिन्ही वर्गांचे वजन सारखे होते. सर्वांत जास्त कर भरणारे मूठभर लोक आणि सर्वांत कमी कर भरणारा अफाट समुदाय यांच्या पारड्यात एकसारखेच माप पडे. एसेन शहरात तर नगरपरिषदेच्या काही निवडणुकांत पहिल्या वर्गात एकच मतदार उरला होता, तो म्हणजे तोफा ओतणारा कारखानदार क्रुप. नगरपरिषदेचा एक तृतीयांश भाग त्याच्या एकट्याच्या मताने ठरे.

हे ऐकून हसू येते. पण धामणगावसारख्या वऱ्हाडी बाजारपेठेत उभे राहिले की हसू आवरते घ्यावे लागते.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. स्थानकांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अडत्यांच्या पेढ्या आल्या, यवतमाळकडून येणाऱ्या बंड्यांची रीघ धामणगावला लागू लागली. या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारपेठांचा हा आद्य कायदा मानला जातो. त्याने बाजार समित्या निर्माण केल्या, वजनमापे आणि दलाली यांवर नजर ठेवण्याची सोय केली. समितीवर नगरपालिकेचे प्रतिनिधी असत आणि कापसाच्या व्यापाऱ्यांनी निवडलेले सदस्य असत. ज्याने तो कापूस पिकवला आणि रात्रभर बंडी हाकून बाजारात आणला, त्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी मात्र नसे. वजनात काटा मारला गेला तर तक्रार कोणाकडे करायची? ज्यांच्यावर संशय आहे, त्यांनीच निवडलेल्या समितीकडे. पुढे लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या या पद्धतीची दखल घेतली, तेव्हा हा दोषही नोंदला गेला.

योगायोग असा की त्याच १८९७ साली अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. सी. शंकरन् नायर अध्यक्ष होते. स्थानिक पुढाऱ्यांत दादासाहेब खापर्डे आणि रघुनाथ नरसिंह मुधोळकर ही नावे अग्रभागी होती. कौन्सिलांत लोकनियुक्त प्रतिनिधी वाढवावेत ही राष्ट्रीय सभेची जुनी मागणी. १८९२ च्या कायद्याने ती अर्धवट मान्य केली होती, आणि ती मान्य करण्याची तऱ्हा मोठी चतुर होती. नगरपालिका, विद्यापीठे, व्यापारी मंडळे यांनी नावे ‘सुचवावीत’ आणि सरकारने ती ‘नेमावीत’, अशी योजना होती. निवडणूक हा शब्द कायद्यात येऊ दिला नव्हता. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी हा पडदा दूर केला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात निवडणुकीला निवडणूक म्हणण्यास प्रारंभ झाला. वऱ्हाडात मात्र तो पडदा तसाच राहिला.

कारण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते.

१८५३ मध्ये निजामाने आपल्या सैन्यखर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ मध्ये कर्झनने ते वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडले. कारभार इंग्रजांचा, वसुली इंग्रजांची, न्यायालयेही इंग्रजांची. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच. कायद्याच्या अक्षराप्रमाणे धामणगावचा शेतकरी ब्रिटिश प्रजाजन नव्हता. नागपूरच्या कौन्सिलने केलेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. तो स्वतंत्र अधिसूचना काढून लावावा लागे. परक्या राजाच्या मुलखातून ब्रिटिश कौन्सिलवर सभासद ‘निवडला’ कसा जाणार, हा वकिली पेच होता. त्यावर तोड म्हणून १८९२ ची जुनी युक्ती कपाटातून बाहेर काढण्यात आली.

१९१९ च्या कायद्यानंतर मध्यप्रांताच्या नव्या कौन्सिलमध्ये वऱ्हाडसाठी १७ जागा ठेवल्या गेल्या. त्या जागांसाठी मतदारयाद्या झाल्या, उमेदवार उभे राहिले, प्रचार झाला. निकाल लागल्यावर विजयी उमेदवारांना गव्हर्नर ‘वऱ्हाडातील निवडणुकीचा परिणाम म्हणून’ नियुक्त करी. दिल्लीतही तोच प्रकार. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या सभासदयाद्यांत लोकनायक बापूजी अणे यांच्या आणि राज्यसभेच्या पूर्वसूरी म्हणता येईल अशा कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये दादासाहेब खापर्डे यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असा शेरा आढळतो. टिळकांचा उजवा हात म्हणून ज्यांच्यावर सरकारचा डोळा होता, ते खापर्डे तांत्रिकदृष्ट्या सरकारचे नामनिर्देशित सभासद!

या तांत्रिकतेचा खरा कस १९२४ मध्ये लागला. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने मध्यप्रांत-वऱ्हाडात बहुमत मिळवले होते. द्विदल राज्यपद्धती चालू द्यायची नाही, हा त्यांचा निर्धार. कौन्सिलने मंत्र्यांवर अविश्वास दाखवला आणि अंदाजपत्रकाच्या वेळी मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये ठरवले. मंत्रिपदे ओस पडली आणि सोपीव खाती गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. सरकारला खाली पाहायला लावणाऱ्या त्या बहुमतात वऱ्हाडचे ‘सरकारनियुक्त’ सभासदही होते. पुढच्याच वर्षी त्यांपैकीच एक, कौन्सिलचे अध्यक्ष झालेले अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले आणि स्वराज्य पक्षात उभी फूट पडली. १९२९ मध्ये तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. वऱ्हाडी मतदाराने पाठवलेल्या माणसाचा प्रवास कुठून कुठे होऊ शकतो, याचे हे दोन्ही टोकांचे दर्शन.

मग हा वऱ्हाडी मतदार होता तरी कोण?

इथे दहा पौंडांच्या घराची ती इंग्रजी मोजपट्टी पुन्हा समोर येते, फक्त घराऐवजी शेतसारा मोजला जातो. ठरावीक रकमेहून अधिक सारा भरणारा, प्राप्तिकर देणारा, शहरात ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा, किंवा निवृत्त सैनिक, असा मनुष्य मतदार होई. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात अशा मतदारांचे प्रमाण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आतच होते. पण सगळीकडे या अटीचा अर्थ एकसारखा नव्हता. वर्धा नदीच्या पूर्वेला मालगुजारी होती. गावाचा सारा मालगुजार भरी आणि शेतकरी त्याचे कूळ असे. पश्चिमेला, वऱ्हाडात, रयतवारी होती. शेतकरी स्वतः खातेदार होता आणि सारा थेट सरकारला देत होता. म्हणून वऱ्हाडात मताधिकार अरुंद असूनही त्यात कुणबी-मराठा-माळी खातेदारांना वाव मिळाला. ‘नियुक्त’ म्हणवले जाणारे वऱ्हाडचे सभासद या अर्थाने शेताच्या बांधापासून फार दूर नव्हते.

याचा परिणाम लवकरच दिसला. चांदूर तालुक्यातल्याच पापळ गावी जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि १९३० मध्ये प्रांतिक कौन्सिलवर जाऊन मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. मंदीने कापसाचे भाव कोसळले होते, सावकाराचे व्याज मुद्दलाच्या पुढे गेले होते, जमिनी लिलावात निघत होत्या. १९३३ मध्ये मध्यप्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. ऋणको आणि धनको यांना मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम खाली आणण्याची ही व्यवस्था हिंदुस्थानात पहिली, आणि नंतर इतर प्रांतांनी तिचे अनुकरण केले. वऱ्हाडच्या शेतकऱ्यांत ‘कर्ज लवाद’ या नावाने ती दीर्घकाळ स्मरणात राहिली. कापूस बाजाराचा नवा कायदाही त्याच सुमारास, १९३२ मध्ये आला आणि बाजार समितीत पिकवणाऱ्याच्या प्रतिनिधीला जागा मिळाली. १८९७ ते १९३२: पस्तीस वर्षे कापूस पिकवणारा काट्यापाशी उभा होता, पण समितीबाहेर.

हे श्रेय मताला द्यावे काय? बऱ्याच अंशी द्यावे. सावकाराविरुद्ध १८७५ मध्ये दक्षिणेत दंगे झाले, तेव्हा सरकारने कायदा केला तो स्वतःच्या भीतीपोटी. १९३३ चा कायदा कौन्सिलमध्ये बसलेल्या खातेदारांच्या प्रतिनिधींच्या रेट्याने झाला. पण त्याच कारणाने त्या कायद्याची मर्यादाही ठरली. तडजोड होई ती जमीन असलेल्याच्या कर्जाची. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याच्या उपासमारीवर तडजोड करणारे मंडळ कुठे नव्हते, कारण त्याचे मतही कुठे नव्हते.

धामणगावच्या बाजारात तेव्हा उभे राहून मोजणी केली असती, तर अडत्याला मत होते, जिनाच्या मालकाला होते, भरपूर जमिनीच्या पाटलाला होते. बंडी हाकणाऱ्या सालदाराला नव्हते. जिनात सरकीच्या धुळीत खोकणाऱ्या मजुराला नव्हते. आणि ज्या कापसावर हे सगळे उभे होते, तो वाकून-वाकून वेचणाऱ्या बाईला तर नव्हतेच. स्त्रियांवरील बंदी उठवण्याचा अधिकार १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला होता. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्येच तो वापरला. मध्यप्रांतानेही नंतर तो मार्ग धरला. परंतु मालमत्तेची अट कायम असल्याने शेत जिच्या नावावर नाही, तिच्या दृष्टीने बंदी उठली काय आणि राहिली काय, सारखेच. १९३५ च्या कायद्यात मालमत्ताधारकाच्या पत्नीला तिच्या नवऱ्याच्या पात्रतेवर मत मिळाले. म्हणजे दार उघडले, पण किल्ली नवऱ्याच्या खिशात.

अस्पृश्य समाजाची स्थिती आणखी वेगळी होती. अमरावतीचे गणेश अक्काजी गवई मध्यप्रांताच्या कौन्सिलवर दलितांचे प्रतिनिधी म्हणून आले, ते खऱ्या अर्थाने सरकारनियुक्त होते. त्यांच्या समाजातील बहुसंख्यांना सारा किंवा कर यांच्या अटींमुळे मतच नव्हते, मग निवडून कोण देणार? एकाच सभागृहात तांबे आणि गवई दोघेही ‘नियुक्त’. एकाच्या नियुक्तीमागे मतपेटी होती आणि दुसऱ्याच्या नियुक्तीमागे मतपेटीचा अभाव. कायद्याच्या भाषेने दोघांना एका रांगेत बसवले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा प्रश्न देवळाच्या दारापुरता नव्हता. १९३२ च्या पुणे करारात मध्यप्रांताच्या वाट्याला २० राखीव जागा आल्या आणि नेमणुकीऐवजी निवडणुकीची वाट खुली झाली.

दरम्यान निजाम स्वस्थ बसला नव्हता. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले आणि वऱ्हाडी जनतेला वळवण्यासाठी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासनही दिले. खुद्द हैदराबादेत ज्या राजाने प्रजेला निर्वाचित विधिमंडळ दिले नव्हते, तो वऱ्हाडला स्वायत्ततेचे वचन देत होता! वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. व्हाइसरॉय रीडिंगने १९२६ मध्ये निजामाला कठोर शब्दांत उत्तर पाठवले आणि ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असल्याचे बजावले. वऱ्हाडी जनतेला काय हवे, हे त्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने सांगितले. मत घेऊन विचारले मात्र कोणीच नाही. इटलीच्या एकीकरणाच्या काळात १८६० मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणावर सार्वमत घेतले गेले होते. ते कितीही सजवलेले असले, तरी विचारण्याचा शिष्टाचार तिथे पाळला गेला.

अखेर १९३५ च्या कायद्याने आणि १९३६ मध्ये निजामाशी झालेल्या कराराने गाठ सुटली. निजामाचे सार्वभौमत्व शब्दापुरते मान्य करून वऱ्हाड मध्यप्रांताचा भाग समजण्यात आले आणि प्रांताचे नाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ झाले. १९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांची विधानसभा निवडली गेली, आणि धामणगावच्या बाजूने आलेला सभासद प्रथमच पुलगावच्या सभासदासारखा कागदावरही ‘निर्वाचित’ ठरला. उर्वरित देशाने १९०९ मध्ये जो शब्द मिळवला, तो वऱ्हाडला अठ्ठावीस वर्षांनी मिळाला. मतदारांची संख्या देशभर तीन कोटींच्या पुढे गेली होती, तरीही बहुसंख्य प्रौढ अजून बाहेरच होते.

ते आत आले १९५१-५२ मध्ये. मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे होती आणि सारा, कर, घरभाडे यांपैकी कशाचाही रकाना नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षर न ओळखणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यावी म्हणून. सालदार आणि त्याचा मालक एकाच रांगेत उभे राहिले. उत्तर आणि मध्य भारतात मात्र सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण नोंदणी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच नोंद होती, आणि निवडणूक आयोगाने ती मान्य करण्यास नकार दिला. अमरावती जिल्ह्यातून पंजाबराव देशमुख लोकसभेवर गेले आणि देशाचे कृषिमंत्री झाले.

१९३६ च्या करारातील एक नक्षी मात्र बराच काळ टिकून राहिली. निजामाचे मन राखण्यासाठी त्याच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, ‘वऱ्हाडचे युवराज’ हा किताब देण्यात आला होता. त्यांनी वऱ्हाडवर कधी राज्य केले नाही आणि वऱ्हाडने त्यांना कधी निवडले नाही. १९७० मध्ये ते वारले, तेव्हा वऱ्हाडच्या लोकांनी लोकसभेच्या चार सार्वत्रिक निवडणुकांत मतदान केलेले होते.